बोर्ड चुकला की माझं डोकं

मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले आणि मी डोळे दाखवायला कसबा बावड्याहून राजारामपुरीला निघाले. एकटीच. सून म्हणाली येते, मी म्हणाले कशाला, दिसतंय की आता. बसमध्ये खिडकी मिळाली. त्याआधी कितीतरी वर्षं बोर्ड म्हणजे मला नुसते रंगाचे डाग होते. लाल डाग असला तर दवाखाना नाहीतर मटणाची खानावळ, हिरवा असला तर औषधाचं दुकान, एवढ्यावर मी गावात फिरायचे. आता अक्षरं दिसत होती, काना-मात्रेसकट. मी चौथी शिकलेली बाई. वाचायला वेळ लागतो, वाचताना ओठ हलतात, पण वाचते. सिग्नलला बस थांबली तेव्हा समोर एका बंगल्याच्या गेटवर पत्रा होता, पांढऱ्यावर लाल अक्षरं. मी वाचलं, 'गेटसमोर वहिनी उभी करू नयेत.'

पुन्हा वाचलं. तेच होतं.

आता हे सांगितलं की लोक हसतात. मला तेव्हा हसू आलं नाही. आधी डोक्यात आलं की कुणाची वहिनी, आणि तिला कुणी तिथं उभी केली असेल. मग बस हलली आणि वाटलं, डोळा अजून बसलेला नाही. नवीन भिंग आहे, लागेल थोडा वेळ.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत बसवून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. सगळ्यात खालची बारीक ओळ सोडली तर मी घडाघडा वाचला. त्या म्हणाल्या, "आजी, एवढं तर माझी नर्स पण वाचत नाही."

मी विचारलं, "अक्षर बदलून दिसतं का कधी?"

"बदलून म्हणजे?"

"म्हणजे असतं एक आणि दिसतं दुसरंच."

त्या म्हणाल्या, "अंधुक दिसेल, एकाची दोन दिसतील. एकाचं दुसरं डोळा करत नाही."

डोळा करत नाही तर कोण करतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

माझी थोरली बहीण उचगावला दिलेली. अंगानं माझ्यापेक्षा दणकट, शेवटपर्यंत दात शाबूत. पण तिचं डोकं आधी गेलं आणि बाकीची बाई मागं राहिली. सुरुवात शब्दांपासून झाली. केरसुणी हवी असली की कात्री मागायची. भाकरीला भांडं म्हणायची. घरचे हसायचे, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले. तीही आमच्याबरोबर हसायची. असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी तिचा मुलगा ऊसतोडीवरून घरी आला, पाय धुऊन बाहेरच्या सोप्यात टेकला, आणि तिनं त्याला पाण्याचा तांब्या देऊन विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?" आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. त्या दिवसापासून त्या घरात कुणी हसलं नाही. पुढं तिला मागच्या खोलीत ठेवलं. वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही, खायला-प्यायला वेळेवर होतं. पण चटणी-मीठ तिच्या हातून काढून घेतलं, किल्ल्या काढून घेतल्या, आणि तिच्यासमोर ती नसल्यासारखं बोलायला लागले. तीन वर्षांनी गेली.

तिचं शब्दांपासून सुरू झालं होतं. माझंही शब्दांपासूनच सुरू झालं, एवढंच मला त्या बसमध्ये परत येताना कळलं.

नंतर मला सगळीकडे दिसायला लागलं. बावड्याच्या रस्त्यावर एका टपरीच्या खोक्यावर, 'म्हशीचे ताजे दुःख मिळेल.' मी तिथून रोज जायचे, तिथं दूध मिळतं हे मला ठाऊक होतं, माणसं कॅन घेऊन उभी असायची, तरी मला दुःखच दिसायचं. साखर कारखान्याच्या वळणावर पिवळ्या पाटीवर, 'पुढे मतिरोधक आहे.' त्या दिवशी रिक्षात होते. रिक्षा उडाली तेव्हा कळलं की तो रस्त्यातला उंचवटा आहे. पण पाटी वाचली तेव्हा मी ती स्वतःवर घेतली होती. मला वाटलं, हे रिक्षावाल्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, पाटीच चुकली असेल हे तुला कसं सुचलं नाही. नाही सुचलं. आमच्या शाळेत एक खोली, एक मास्तर, चार वर्ग. मास्तर फळ्यावर लिहायचे ते बरोबर आणि आमच्या पाटीवर असायचं ते चूक. ह्रस्वाचं दीर्घ झालं तर हाताच्या मागच्या बाजूवर छडी. पुस्तकात चूक असते, बोर्डावर चूक असते, असं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. एवढा मोठा बोर्ड करायला कुणी सांगितलं असेल, कुणी लिहिला असेल, कुणी टांगला असेल, खालून दिवसभर शिकलेली माणसं जातात, आणि त्यातलं कुणी थांबत नाही, कुणी हसत नाही. मग चुकणार कोण? चौथी पास म्हातारी.

वर्तमानपत्र मला नीट वाचता यायचं. त्यानं थोडा धीर यायला हवा होता, पण बहिणीचंही तसंच होतं. सकाळी ती नीट असायची.

एकदा मी खात्री करायचं ठरवलं. नात कॉलेजातून आली होती, तिला घेऊन त्या बंगल्याच्या गेटसमोरून चालत गेले. म्हटलं, "तिथं काय लिवलंय गं?"

तिनं फोनमधून मान वर केली, पुन्हा खाली घातली. "पार्किंगचं हाय, आजी. गाड्या लावू नका म्हणून."

"असंच लिवलंय?"

"मग काय लिवणार?"

झालं. माझी खात्री झाली.

तेव्हापासून मी बोर्ड वाचायचं सोडलं, पण अक्षर दिसायला लागलं की न वाचता राहता येत नाही. बसमध्ये मी मांडीकडं बघत बसायचे. मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचे. शेवटपर्यंत आला की त्या दिवसापुरती मी ठीक. घरात कमी बोलायला लागले, चुकीचा शब्द तोंडातून जायला नको म्हणून. केरसुणी लागली तर उठून स्वतः आणायची, मागायची नाही. मुलगा म्हणाला, "आई अलीकडं शांत झाली." सून म्हणाली, "बरं हाय की."

आणि मी आवराआवर सुरू केली. वर्षाची चटणी आमच्या घरात मी करते. मिरची किती, धणे किती, खोबरं किती भाजायचं, लसूण कधी घालायचा, सगळं डोक्यात. कुठं लिहिलेलं नाही. त्या वर्षी मिरच्या डंकावर कुटायला न्यायच्या आधी मी सुनेला समोर बसवलं आणि म्हटलं, वही घे. ती माझ्याकडं बघतच राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तिला भाजलेल्या तिळाजवळ येऊ दिलं नव्हतं. सून मला आत्या म्हणते, आमच्यात सासूला तसंच म्हणतात.

"आत्या, बरं वाटत न्हाय का तुमाला?"

"लिव गप."

तिनं लिहिलं. मग मी तिला सांगितलं की शेजारच्या बाईला उसना दिलेला मोठा पाटा आपला आहे, त्याच्या खाली खूण आहे. सोन्याची पुतळ्यांची माळ कुठं आहे ते सांगितलं. ती लिहीत गेली, आणि मधे डोळे पुसले. मी म्हटलं, लसणानं होतंय. लसूण अजून सोललाही नव्हता.

असे चार महिने गेले असतील. मग समोरच्या घरातली पोरगी पोलिसात लागली.

ही पोरगी पहाटे गल्लीतून धावायची तेव्हा कट्ट्यावरचे बाप्ये म्हणायचे, कुठं लागलीय पळायला, गॅसवर दूध ठेवलंय काय. आता निवड झाल्यावर तेच लोक फ्लेक्स लावतो म्हणाले. तिच्या आईनं सांगितलं, नको. या वेळी बायका लावतील. आमच्या गल्लीत आजवर बायकांनी फ्लेक्स लावलेला नव्हता. सुनेनं पुढाकार घेतला. बारा बायकांचे फोटो खालच्या ओळीत, पोरीचा मधे मोठा, आणि गल्लीत वयानं मोठी म्हणून माझा वर कोपऱ्यात. मी नको म्हटलं, पण ऐकतंय कोण. फोटो जागेवरच काढायचा म्हणून सुनेनं मला नेसवून-सवरून राजारामपुरीतल्या फ्लेक्सच्या दुकानात नेलं.

दुकान एक बाई चालवते. चाळिशीची, चष्मा गळ्यात दोरीला. ती कॉम्प्युटरवर बोर्ड तयार करते आणि आतल्या खोलीत नवरा छापतो. आमच्या आधी एका तालीम मंडळाचे चार गडी आले होते, त्यांच्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड होता. पडद्यावर चित्र तयार होतं आणि चौघं त्याच्यावर ओणवे झाले होते. आम्ही मागं स्टुलावर बसलो.

"माझा फोटो दादांच्या खांद्याखाली गेलाय."

"खाली कुठं? शेजारी हाय की."

"शेजारी असता तर डोकी एका रेषेत आली असती. बाई, मला बोटभर वर घ्या."

"याला घेतला तर मलाबी घ्या. दोघं एकाच वर्षी आलोय तालमीत."

"तू आलास, पण टिकलास व्हय रं? दोन वर्षं पुण्यात होतास."

"पुण्यात असलो तरी वर्गणी कुणाची येत हुती?"

बाई शांतपणे एकेकाला वर घेत होती, खाली घेत होती. कुणाच्या गळ्यातली चेन दिसत नव्हती, ती दिसेल असा फोटो सरकवला. कुणी गॉगल घातलेला फोटो आणला होता, तो बदलायला लावला, मग पुन्हा तोच बसवायला लावला. अर्धा तास चाललं. चौघांनी बोर्डाचा कानाकोपरा बोटानं दाबून पाहिला.

आणि वर एवढ्या मोठ्या अक्षरांत मला दिसत होतं, 'तडफडदार युवा नेतृत्व.'

मी मान खाली घातली. तडफडतो तो मासा. नेता कशाला तडफडेल. चार धडधाकट माणसं, त्यातला एक तर बोलण्यावरून मास्तर वाटत होता, अर्धा तास त्या बोर्डाला नाक लावून उभी आहेत आणि त्यांना दिसत नाही. मला दहा फुटांवरून दिसतंय. यापुढं आणखी काय पुरावा पाहिजे होता? एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस सक्कं पुढं जाईना.

ते गेले. बाईनं माझा फोटो काढला. "आजी, जरा हसा की." मी जेवढं जमलं तेवढं हसले. मग तिनं आमचा बोर्ड पडद्यावर आणला. फुलांची कमान, मधे पोरगी टोपी घालून, खाली बारा बायका.

"फोटो बघून घ्या," बाई म्हणाली.

सून पुढं झाली. "ही साडी माझी जांभळी हाय, ही काळी का दिसतिया? आणि कोपऱ्यावरच्या काकूंना मधे घ्या, न्हायतर चार दिवस बोलणार न्हाईत. आत्यांचा फोटो अजून मोठा होईल काय?"

मी बोर्ड वाचत होते. वाचायचं नव्हतं, तरी. वर लिहिलं होतं, 'आमच्या गल्लीची लाडकी कन्या, पोलीस दलात निधन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

आतापर्यंतचं सगळं मी सोसलं होतं. वहिनी, दूध, उंचवटा. त्यांच्यात कुणाचं काही जात नव्हतं. पण आता माझ्या डोक्यानं एका तरण्या पोरीला मारलं होतं. सकाळीच तिनं माझ्या पायाला हात लावला होता. तिचा हसरा फोटो मधे आणि वर हे.

मी सुनेला म्हटलं, "वरचं वाच गं जरा."

ती पडद्याकडं बघून म्हणाली, "आमच्या गल्लीची लाडकी कन्या, पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." एका दमात. बी.ए. झालेली आहे ती.

"निवड?"

"व्हय. निवड. का ओ?"

"काय न्हाय."

मी स्टुलावर बसून राहिले. हे सांगायला मला लाज वाटत नाही, मी गप्पच बसले. बोलले असते आणि तिथं निवड असती, तर दुकानात, सुनेसमोर, त्या बाईसमोर कळलं असतं की म्हातारीला निवडीच्या जागी निधन दिसतं. मग दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी हळू बोलले असते. किल्ल्या गेल्या असत्या. उचगावची मागची खोली मी पाहिलेली आहे, तिला खिडकी आहे पण ती उघडत नाही. आणि बोलले नाही, आणि तिथं खरंच निधन असलं, तर? गल्लीच्या तोंडावर, वीस फूट उंचावर, बायकांनी लावलेला पहिला फ्लेक्स. कट्ट्यावरचे बाप्ये वर्षभर पुरवून हसले असते. पोरीच्या आईनं काय केलं असतं मला सांगवत नाही.

पण तसं असणारच नव्हतं. सुनेनं आताच वाचलं होतं.

"फायनल करू?" बाईनं विचारलं.

"करा," सून म्हणाली.

बाईनं आत हाक मारायला तोंड उघडलं आणि मी म्हटलं, "थांबा."

उठले, पडद्याजवळ गेले. सुनेला म्हटलं, "बोट ठेवून वाच."

"आत्या, आत्ताच वाचलं की मी."

"बोट ठेव. एकेका अक्षराखाली. पहिलीत वाचतात तसं."

ती बाईकडं बघून हसली, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं ऐकावं लागतं असं. मग तिनं बोट ठेवलं. "पो, ली, स. द, ला, त." बोट पुढं सरकलं. "नि."

बोट थांबलं.

सुनेचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं बोट उचललं आणि पुन्हा त्याच जागी ठेवलं. मग हळूच म्हणाली, "ध."

"पुढं?"

"न."

फ्लेक्सवाल्या बाईनं गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. वाकून पाहिलं. "अगं आई गं," ती म्हणाली आणि कपाळाला हात लावून खाली बसली.

मीही बसले. स्टूल मागं होतं म्हणून, नाहीतर फरशीवर बसले असते. सून म्हणाली, "आत्या, पाणी देऊ?" मी म्हटलं, दे. आख्खी बाटली प्याले. मला हसायला येत होतं आणि पाणी नाकात गेलं.

मग बाईनं सांगितलं कसं झालं ते. नवा बोर्ड नव्यानं कुणी लिहीत नाही. आधीच्या बोर्डाची फाईल उघडायची, फोटो बदलायचे, नाव बदलायचं, मधलं जमलं तर तसंच ठेवायचं. सकाळी एका गावचा श्रद्धांजलीचा बोर्ड केला होता, त्यातलं 'निधन झाल्याबद्दल' तसंच इकडं राहिलं. बाकीचा मजकूर लोक फोनवर पाठवतात. फोन त्यांच्या मनानं शब्द बदलतो, ती तसाच उचलून टाकते.

"आणि तपासत न्हाय कोण?" मी विचारलं.

"तपासतात की, आजी. आता बघितलंसा न्हवं? माणूस फोटो तपासतो. आपला फोटो हाय का, कुणाच्या खाली हाय, केवढा हाय. एवढी वर्षं दुकान चालवतोय, फोटो सरकवायला माणसं तीन-तीन येळा येतात. अक्षर वाचाय कोण आलेलं न्हाय." आमच्याकडच्या बायका बोलताना चालवतोय, जातो, येतो असंच म्हणतात.

"मघाच्या माणसांचा बोर्ड उघडा," मी म्हटलं.

तिनं उघडला. मी नुसतं बोट दाखवलं. सुनेनं आणि तिनं दोघींनी मिळून वाचला. "तड. फड." सून तोंडाला पदर लावून दाराकडं पळाली. बाईनं लगेच त्यातल्या एकाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. म्हणाली, "दादा, तुमच्या बोर्डात वरच्या ओळीत चूक राहिलीय, तडफदारचं तडफडदार झालंय, नीट करतो."

पलीकडून तो म्हणाला, "ते करा वो कायबी. माझा फोटो वर घेतलासा का ते सांगा."

मी तिथं बसून जशी हसले, तशी नवरा होता तेव्हाही हसले नसेन. दुकानातल्या दोघींना वाटलं मी बोर्डाला हसतेय.

आमच्या बोर्डावर 'निवड' घातलेलं बोट ठेवून वाचलं, तेव्हाच आम्ही दुकानातून निघालो. मग मी सुनेला सोडलं नाही. बसच्या थांब्यापर्यंत चालत नेलं आणि प्रत्येक बोर्डाखाली उभी करून बोट ठेवायला लावलं. हात पोचत नव्हता तिथं हवेत बोट. क्लासच्या पोरी आमच्याकडं बघत जात होत्या. एका दवाखान्याच्या पायरीवर, 'चप्पल बाहेर फाडा.' सुनेनं आधी काढा वाचलं, मग बोट ठेवलं, मग फाडा वाचलं. एका शिवणकामाच्या दुकानावर, 'येथे ब्लाऊज शिजवून मिळतील.' तिथं ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. म्हणाली, "आत्या, मी रोज हितनं जातो. रोज. ह्या बाईकडं ब्लाऊज टाकतो मी."

"मग वाचलं न्हाईस कधी?"

"वाचलं की. शिवूनच वाचलं."

त्यातलं मला एवढंच कळलं की शिकलेली माणसं अक्षर वाचत नाहीत. पहिलं अक्षर बघतात आणि बाकीचं घरून आणतात. मला घरून आणायला काही नसतं, म्हणून जे असेल ते वाचावं लागतं. मास्तरांनी छडी मारून तेवढंच शिकवलं होतं.

गेटवरचं, खोक्यावरचं आणि वळणावरचं सुनेनं पुढच्या दोन दिवसांत जाऊन बघितलं आणि तिन्हींचे फोटो काढून आणले. तिन्ही तशीच होती. पण ते नंतर. त्या दिवशी थांब्यावर बसलो तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. पहिल्या बोर्डापासून, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, बहीण, पाढा. ती ऐकत होती.

मग म्हणाली, "चार महिने?"

"झाले असतील."

"आणि आमी एका घरात राहतो."

"सांगून काय झालं असतं?"

"म्हणून चटणी लिवून दिलासा होय. मला वाटलं तुम्हाला काय तरी मोठं दुखणं निघालंय आणि तुम्ही लपवताय. नणंदांना फोन केलता मी. त्या दोघी पुढच्या आठवड्यात येणार हाईत तुम्हाला भेटाय, काय न्हाय सहज म्हणून."

"येऊ देत. आलेल्या माणसांना परत कशाला पाठवायचं."

ती रागावली होती. चेहरा लाल झाला होता आणि पर्सची चेन उघड-बंद करत होती. मी तिला तसंच राहू दिलं. मला इतकं हलकं वाटत होतं की तिच्या रागाचं काही वाटत नव्हतं. भूक लागली होती, चार महिन्यांत पहिल्यांदा. समोरच्या गाड्यावरून भडंग आणायला सांगावं का, असा विचार चालला होता माझा.

पर्सची चेन बंद करून ती म्हणाली, "आज न्हाय. पण पुढं कधी खरंच झालं तर?"

"झालं तर मला कळणार न्हाय. तुला कळंल."

"मग मी काय करायचं?"

"मला सांगायचं. तोंडावर. माझ्या बहिणीला कुणी सांगितलं न्हाय. आधी हसले, मग दार लावलं. मीबी त्यात होते."

ती रस्त्याकडं बघत होती. बस येताना दिसली तशी उठली आणि माझी पिशवी उचलली.

"सांगतो," ती म्हणाली. "पण तुम्ही ऐकून घेणार न्हाय."

"न्हाय घेणार. तरी सांग."

बस भरून आली होती. आम्ही चढलो.